घराजवळच्या मोबाईल टॉवरच्या लहरी मोजून घ्यायच्यात? अर्ज असा करा

समोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला की इमारतीत चर्चा सुरू होते ती त्यातून निघणाऱ्या लहरींची. ती भीती खरी की खोटी यावर वाद घालत बसण्यापेक्षा मोजणी करून घ्यावी. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर मे २०१७ पासून ही सोय आहे. अर्ज कोणीही करू शकतं. टॉवर आपल्याच इमारतीवर असायला हवा असं नाही.

कागदपत्रांचा गठ्ठा लागत नाही. नाव, ई-मेल आणि मोबाईल क्रमांक देऊन नोंदणी करायची आणि नकाशावर आपलं ठिकाण शोधायचं. आसपासचे टॉवर दिसतात, आणि एखाद्या टॉवरच्या लहरी सरकारी मर्यादेत असल्याची नोंद आहे का तेही कळतं. मात्र ही नोंद मुख्यतः कंपन्यांनी स्वतः दिलेल्या प्रमाणपत्रांवर आधारलेली असते. शंका उरलीच, तर ४,००० रुपये ऑनलाइन भरून प्रत्यक्ष मोजणी मागता येते. विभागाचं स्थानिक पथक येऊन मोजतं आणि अहवाल अर्जदाराला मिळतो.

मोजणीच्या वेळी अर्जदाराला हजर राहता येतं. जरूर राहा, कारण कुठे मोजलं यावर बरंच अवलंबून असतं. अँटेनाचा झोत साधारण आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी आकडा कमी येऊ शकतो. अँटेनाच्या समोर, तिच्याच उंचीवर असलेली खिडकी किंवा गच्ची दाखवा.

१ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने (अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या ‘आयसीएनआयआरपी’ने) सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींना दर चौरस मीटरला ४.५ वॉटऐवजी ०.४५ वॉट, १८०० मेगाहर्ट्झला ९ ऐवजी ०.९. अहवालात त्या वेळी लागू असलेली मर्यादा पाहा. एकाच गच्चीवर तीन कंपन्यांच्या अँटेना असतील, तर तिघींची बेरीज धरायची असते.

हातातल्या फोनसाठी अर्ज करावा लागत नाही. *#०७# डायल करा, ‘सार’ मूल्य, म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप, दिसेल. ते दर किलोला १.६ वॉटच्या आत हवं. हे माप शरीराच्या एक ग्रॅम ऊतीवर (पेशींच्या समूहावर) सरासरी काढून ठरवतात. टॉवरइतकंच फोनकडेही लक्ष द्या, असं मी कळकळीने सांगेन, कारण तो थेट कानाला चिकटलेला असतो. रेंज कमी असली की फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो. अशा वेळी लांबलचक बोलणं टाळा, नाहीतर स्पीकर लावा.