फोमो : हुकण्याची धास्ती

फोमो (‘फिअर ऑफ मिसिंग आउट’) म्हणजे आपल्याला वगळून इतरजण काहीतरी आनंदाचे अनुभवत असावेत, या शंकेने होणारी अस्वस्थता आणि त्यापोटी त्यांच्या हालचालींवर सतत नजर ठेवण्याची ओढ. हा मान्य मानसिक विकार नव्हे. डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या निदानसूचींत त्याची स्वतंत्र नोंद नाही.

संज्ञेच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. विपणनतज्ज्ञ डॅन हर्मन यांनी १९९६ च्या सुमारास ही भीती हेरल्याचे सांगितले जाते. २००० मध्ये त्यांनी ब्रँडविषयक शोधपत्रिकेत तिच्यावर लिहिले. ‘फोमो’ हे आद्याक्षरी रूप मात्र पॅट्रिक मॅकगिनिस यांनी २००४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थी-वृत्तपत्रातील एका मिस्कील लेखात रूढ केले. त्याच लेखातील ‘फोबो’ (याहून चांगला पर्याय मिळेल या आशेने निर्णय लांबवणे) ही जोडसंज्ञा तितकी रुळली नाही. कल्पना हर्मन यांची, शब्द मॅकगिनिस यांचा, अशी वाटणी सयुक्तिक वाटते. एकासमोर ग्राहक होता, दुसऱ्यासमोर व्यवस्थापनाचे विद्यार्थी. किशोरवयीन मुले दोघांच्याही नजरेसमोर नव्हती.

ती आली पुढे. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू शिबिल्स्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही धास्ती मोजणारी दहा विधानांची मापनश्रेणी तयार केली. स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या गरजा अपुऱ्या राहिल्या की ही धास्ती बळावते, अशी त्यांची मांडणी आहे. किशोरवयात समवयस्कांतील स्थान फार मोलाचे असते. पूर्वी न बोलावलेल्या सहलीची बातमी उशिरा, तीही ऐकीव कळे. आता ती सुरू असतानाच छायाचित्रांतून दिसते. समाजमाध्यमावरची ‘स्टोरी’ २४ तासांत नाहीशी होते, म्हणून झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहणे भाग पडते. पाहावे तर चौघे मित्र एका चौकटीत, आणि पाचवा पडद्याच्या अलीकडे.

समाजमाध्यमांमुळेच किशोरांची चिंता वाढली काय, हा वाद मिटलेला नाही. २०१२ नंतरच्या वाढीचा संबंध मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी स्मार्टफोनच्या प्रसाराशी जोडतात. एमी ऑर्बेन व शिबिल्स्की यांच्या २०१९ मधील विश्लेषणात, साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीत, डिजिटल साधनांच्या वापराने मनःस्वास्थ्यातील फरकाचा जेमतेम ०.४ टक्के भाग स्पष्ट झाला. अर्थात ही सरासरी आहे. तीत पाचव्या मुलाची रात्र दिसत नाही. शिवाय आधीच चिंताग्रस्त असलेले मूलच फोन अधिक उघडत असेल, ही शक्यता अशा सहसंबंधांतून नाकारता येत नाही.