विरजणाच्या चार वाट्या

2020 च्या जूनमध्ये आमची शाळा भरली ती मोबाइलच्या पडद्यावर. आठवीच्या मुलांना सूक्ष्मजीव शिकवायचे होते आणि शाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद होता. मग मुलांना सांगितलं, घरी चार वाट्या दूध मागा. त्या दिवसांत घरोघरी दूध जपून वापरलं जात होतं, म्हणून हेही सांगितलं, की वाटी आमटीची नको, नैवेद्याची पुरे.

दूध आधी उकळून घ्यायचं. पहिल्या वाटीत कोमट दूध आणि पाव चमचा विरजण. दुसऱ्या वाटीत तेवढंच विरजण, पण दूध उकळतं. ही वाटी आई-बाबांनी ओतून द्यायची. तिसऱ्या वाटीत कोमट दुधात विरजण घालून वाटी लगेच फ्रीजमध्ये. चौथ्या वाटीत नुसतं कोमट दूध, विरजण नाहीच. दूध एकाच पातेल्यातलं, विरजण एकाच दह्याचं. दर तासाला वाटी हलकेच कलती करून बघायचं आणि वहीत वेळ टाकून लिहायचं. चमचा घालून ढवळायचं नाही, कारण लागत आलेलं दही मोडलं की ते पुन्हा तसं जुळत नाही.

‘कोमट म्हणजे किती?’ हा प्रश्न लगेच आला. एका मुलीच्या आजीने त्याचं उत्तर मागून दिलं, तेही मोबाइलमध्ये न दिसता: ‘करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत.’ या मापात दम आहे. आपल्या बोटांची त्वचा साधारण 33 अंश सेल्सिअसला असते. दूध 40 अंशांच्या आसपास असेल तर ते ऊन लागतं, पण बोट काढून घ्यावंसं वाटत नाही. दही लावणाऱ्या जिवाणूंना मानवणारं तापमान नेमकं याच पट्ट्यात येतं. आजीची करंगळी हा तापमापकच आहे, फक्त त्यावर आकडे कोरलेले नाहीत. (बोट मात्र साबणाने धुतलेलं हवं.)

संध्याकाळपर्यंत पहिली वाटी लागली. दुसरी पातळच राहिली, चौथीही तशीच. खरी गंमत तिसरीत होती. फ्रीजमधलं दूध रात्रीही दूधच होतं, म्हणून बहुतेकांनी लिहिलं, ‘थंडीने जिवाणू मेले.’ मी ती वाटी बाहेर काढून ओट्यावर ठेवायला सांगितली. सकाळी दही तयार! उकळत्या दुधाने जिवाणू मेले होते, थंडीने ते फक्त मंदावले होते. हा फरक मी फळ्यावर वीस वेळा लिहिला असता तरी तो इतका पक्का बसला नसता.

वाटीत नेमकं होतं काय? दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. दूध पांढरं दिसतं ते मुख्यतः या गोळ्यांमुळे आणि चरबीच्या थेंबांमुळे. गोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की आकडा उतरतो) 6.6 च्या जवळपास असतो. आम्ल वाढत जाऊन तो 4.6 कडे उतरला की गोळ्यांवरचा भार नाहीसा होतो आणि ते एकमेकांना धरू लागतात. हे सावकाश घडतं, म्हणून त्यांची जाळी विणली जाते आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. आम्ल लिंबाच्या रूपाने गरम दुधात एकदम ओतलं तर जाळी विणायला सवडच मिळत नाही: गुठळ्या एकीकडे, पाणी दुसरीकडे. पनीर आणि दही यांतलं प्रथिन तेच, फरक बराचसा घाईचा.

दूध आधी चांगलं तापवायचं ते केवळ जंतू मरावेत म्हणून नव्हे. तापल्यावर दुधातली दुसरी प्रथिनं उलगडून केसीनच्या गोळ्यांना चिकटतात आणि जाळी अधिक घट्ट होते. कवडीचं दही हवं असेल तर दूध नीट उकळा, असं घरातली मोठी माणसं सांगतात, त्यामागचं हे कारण.

एका मुलाने मात्र प्रयोगच बदलला. त्याच्या घरी विरजणच नव्हतं आणि शेजारी जायची सोय नव्हती. त्याच्या आजीने कोमट दुधात देठासकट दोन हिरव्या मिरच्या सोडल्या. रात्रभर काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध थरथरायला लागलं. दही झालं, पण पाणचट. आजी म्हणाली, ‘हे खायचं नाही, हे विरजण.’ त्या दह्याने पुढचं दही लावलं, त्याने त्याच्या पुढचं. तिसऱ्या खेपेला सुरीने कापता येईल असं दही लागलं. मिरचीच्या देठावर आम्ल करणारे जिवाणू असतात, पण थोडे, आणि त्यांच्याबरोबर इतरही असतात. प्रत्येक खेपेला दुधात जोमाने वाढणारे पुढे सरतात, बाकीचे मागे पडतात. नैसर्गिक निवड या मुलाने तीन वाट्यांत पाहिली. वेगळा वास किंवा गुलाबी-काळसर रंग दिसला तर अशी वाटी न चाखता फेकून द्यायची, एवढं पथ्य मात्र पाळायलाच हवं.

मुलांना मी तेव्हा अ‍ॅग्नेस पॉकेल्सची गोष्ट सांगितली. 1862 साली जन्मलेली ही जर्मन मुलगी. त्या काळी तिथली विद्यापीठं मुलींना घेत नसत, आणि घरी आजारी आई-वडिलांचं करायचं होतं. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याची पुस्तकं ती घरी वाचायची. भांडी धुताना पाण्यावरचा तेलाचा आणि साबणाचा पातळ थर कसा वागतो, हे तिच्या नजरेत भरलं. पत्र्याचं उथळ तसराळं, त्यावर सरकवायची पट्टी आणि एक छोटा तराजू एवढ्या साहित्यावर ती पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची ओढ, मोजू लागली. 1891 मध्ये तिने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी तिच्या उपकरणाच्या धर्तीवर काम केलं. 1932 साली त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी अ‍ॅग्नेसला मानद डॉक्टरेट. सत्तरी गाठलेल्या या बाईंचा पहिला प्रयोग स्वयंपाकघरातला होता. त्या दिवशी सगळ्यांनी ताटात पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरली आणि साबणाचं बोट टेकवलं. मिरपूड कडेला पळाली.

दही आंबट झालं हे जीभ सांगते, पण वहीत जीभ कशी चिकटवणार? म्हणून हळद. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं, आणि सॅनिटायझर तेव्हा घरोघरी होता. तो पेट घेतो, म्हणून गॅस बंद करून, शेगडीपासून लांब बसून काम करायचं. हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर साबणाचं पाणी टाकलं की पट्टी लालसर होते, पानाच्या चुन्याची निवळी टाकली की आणखी गडद. (चुना डोळ्यांपासून दूर.) त्यावर लिंबू पिळा, पट्टी पुन्हा पिवळी. पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं ते याच रंगबदलाने.

मग मुलांनी ही पट्टी दुधात आणि दह्यात बुडवली. दोन्हीकडे पिवळीच! पट्टी बिघडली, अशी तक्रार आली. पण हळदीचा रंग पालटतो तो अल्कलीच्या, म्हणजे साबण-चुन्याच्या, बाजूला. आम्ल किती वाढलं हे ती सांगूच शकत नाही. प्रत्येक उपकरणाची एक हद्द असते, हे मला कधीतरी शिकवायचं होतंच. अंगणात जास्वंद असलेल्या एका मुलीने पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या. ते पाणी लिंबाने गर्द गुलाबी झालं, सोड्याने हिरवट. दह्याची वरची निवळी त्यात घातल्यावर ते गुलाबीकडे झुकलं आणि तिने वहीत तीन उद्गारचिन्हं काढली.

तिच्या त्याच पानाच्या तळाशी एक प्रश्न आहे: ‘मडक्यातलं दही स्टीलच्या भांड्यातल्यापेक्षा घट्ट का?’ मी उत्तर दिलं नाही. दोन्हींत सारखंच दूध घालून, झाकण न लावता, रात्री आणि सकाळी वजन करून बघ, एवढंच लिहिलं.