पाच सेकंदांत बटण कोण ऐकतं?

कर्नाटकातल्या खानापुरात माझ्या वहिनींचं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक मराठी, पण कचेरीत द्यायचा कागद कन्नडमध्ये. त्यामुळे त्यांच्या एकाच कॉम्प्युटरवर दोन संसार आहेत. रोजचं काम उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर चालतं, आणि 'नुडी' या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली उघडायच्या असल्या की विंडोज. मशीन चालू केलं की ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो, खाली ५, ४, ३ असे आकडे उतरत जातात. तेवढ्यात बाणाचं बटण दाबून विंडोजवर यायचं आणि एंटर मारायचं. उतरते आकडे कुठलंही बटण दाबलं की थांबतात.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "भावोजी, बाण दाबून दाबून बोट दुखलं, हे मशीन काय ऐकंना बघा. आकडे आपले उतरतायत आणि उबुंटूच सुरू व्हतंय. इथं माणूस अर्जासाठी थांबलाय."

मी विचारलं, उबुंटू आल्यावर की-बोर्ड चालतो का? म्हणाल्या, चालतो की, त्यावरच तर टायपिंग करतेय. म्हणजे बटणं चांगली, वायर चांगली. तरीही पाच सेकंद मशीन ठार बहिरं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या पाच सेकंदांत मशीनच्या आत कोण जागं असतं हे पाहिलं की उलगडा होतो.

पूर्वी की-बोर्डला गोल पिन असायची. आयबीएमनं १९८७ साली आपल्या पीएस/२ कॉम्प्युटरांबरोबर ती आणली. तो की-बोर्ड स्वतःहून बोलणारा. बटण दाबलं की तोच वायरीतून खूण पाठवायचा आणि मदरबोर्डवरची की-बोर्डची चिप प्रोसेसरला हाक मारून त्याच्या हातातलं काम थांबवायला लावायची. यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ सालचा, आणि त्याची रीत अगदी उलटी. यूएसबी की-बोर्ड विचारल्याशिवाय एक अक्षर बोलत नाही. मशीननं आधी त्याची ओळख करून घ्यायची, त्याला क्रमांक द्यायचा, आणि मग दर काही मिलिसेकंदांनी विचारत राहायचं, "काही दाबलंय का?" विचारलं की तो साधारण ८ बाइटांचं उत्तर देतो. पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांची स्थिती, दुसरा रिकामा, आणि उरलेल्या सहांत दाबलेली बटणं. म्हणून या साध्या पद्धतीत शिफ्टसारखी बटणं सोडून एका वेळी सहाच बटणं सांगता येतात. मला ही रचना फार आवडते. एवढ्याशा चिठ्ठीत सगळं बसवलंय.

पण विचारणारंच कोणी नसलं तर? उबुंटू पूर्ण सुरू झाला की लिनक्सची स्वतःची यूएसबी यंत्रणा ते काम करते. ग्रबच्या वेळी लिनक्स अजून डिस्कवर झोपलेला असतो. ग्रब स्वतः सहसा की-बोर्डशी थेट बोलत नाही. तो फर्मवेअरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रॅमला, विचारतो (जुन्या मशीनवर बायोस, नव्यावर यूईएफआय), आणि फर्मवेअर की-बोर्डला. या साखळीतला मधला माणूस हजर नसेल तर ग्रबला वाटतं, कुणी काही दाबलंच नाही, आणि तो आकडे उतरवत जातो.

हा मधला माणूस गैरहजर राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फर्मवेअरमधली 'फास्ट बूट' ही सोय. मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून ती डिस्क आणि पडदा जागा करते आणि यूएसबीची ओळखपाळख पुढे येणाऱ्या सिस्टीमवर सोडून देते. ज्याच्याकडे एकच विंडोज आहे त्याला हे कधी कळतही नाही. दोन सिस्टीम ठेवणाऱ्याच्या मात्र ते थेट मुळावर येतं. (विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' हे निराळं प्रकरण. नावं सारखी असल्यानं अनेक जण भलतंच बंद करून बसतात.)

पण वहिनींच्या मशीनवर फास्ट बूट मी स्वतः बंद केलं होतं. ते परत चालू कोणी केलं? धागा सापडला तो पावतीवर. आदल्या दिवशी दुकानातलं इंटरनेट बंद होतं आणि छापलेल्या पावतीवर काही वर्षांपूर्वीची तारीख आली होती. वहिनींनी ती पेनानं खोडून नीट केली आणि विसरून गेल्या. मला मात्र तेवढंच पुरेसं होतं. मदरबोर्डवर घड्याळ चालतं ठेवणारा एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ तारीख विसरतं, आणि बऱ्याच मदरबोर्डांवर सेटअपमधले, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगच्या पडद्यावर आपण केलेले बदलही पुसून कारखान्यातली मांडणी परत येते. पावसाळ्यात खानापुरात लाइट किती वेळा जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. इंटरनेट असलं की उबुंटू तारीख गुपचूप दुरुस्त करून घेतो, म्हणून सेल संपल्याचं इतके दिवस कळलंच नव्हतं.

आता अडचण अशी की सेटअपमध्ये शिरायला सुरुवातीलाच डिलीट किंवा एफ-२ दाबावं लागतं, आणि बटण ऐकायला तर कोणी नाही. यावर एक सुरेख वाट आहे. यूईएफआय मशीनवर उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) 'सिस्टिमसीटीएल रिबूट' लिहून पुढे दोन आडव्या रेघा आणि 'फर्मवेअर-सेटअप' असं जोडायचं. मशीन थेट सेटअपमध्ये उघडतं. आपल्याच पडद्यावर जायचं असल्यानं फर्मवेअर यावेळी यूएसबीची ओळख करून घेतं. वहिनींनी फोनवर अक्षरं विचारत विचारत ते टाइप केलं आणि निळा पडदा आला तसं म्हणाल्या, "आलं की हो!"

तिथं फास्ट बूट बंद केलं. काही मदरबोर्डांवर त्याखाली यूएसबीसाठी 'पार्शियल' आणि 'फुल' असे पर्याय असतात, तिथं 'फुल' निवडायचं. जुन्या बायोसच्या मशीनवर 'यूएसबी लेगसी सपोर्ट' चालू आहे ना ते बघायचं. त्या सोयीत फर्मवेअर यूएसबी की-बोर्डला जुन्या गोल पिनेच्या की-बोर्डचं सोंग देतं.

एवढं करूनही बटणं चालली नाहीत तर की-बोर्ड हबमधून किंवा मॉनिटरमधून काढून थेट मशीनच्या मागच्या बाजूला लावा, आणि बिनवायरीचा असेल तर वायरीचा लावून बघा. नम लॉकचा दिवाही कामाला येतो. यूएसबी की-बोर्डचा तो दिवा की-बोर्ड स्वतः लावत नाही, मशीन लावायला सांगतं. मेनूसमोर नम लॉकचं बटण दाबल्यावर दिवा बदलला तर समोर कोणीतरी ऐकतंय. मग ग्रबच्या सेटिंगमध्ये कुणी 'एटी की-बोर्ड' लिहून ठेवलंय का ते तपासा. तसं असेल तर ग्रब फर्मवेअरला विचारायचं सोडून थेट जुन्या चिपकडे पाहत बसतो. दिवा नाही बदलला तरी लगेच निकाल लावू नका, काही फर्मवेअर दिव्याकडे लक्षच देत नाहीत.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. वैतागून ग्रबचा 'टाइमआउट', म्हणजे मेनूवर थांबायचे सेकंद, उणे १ करू नका. उणे १ म्हणजे बटण दाबेपर्यंत थांब. ऐकणारं कोणी नसताना मशीन त्या मेनूवर अडकून बसेल, आणि आज निदान उबुंटू तरी सुरू होतोय, तोही व्हायचा नाही.

सेल दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडे मिळाला. तो बसवून तारीख लावली, फास्ट बूट बंद असल्याचं पुन्हा एकदा पाहिलं आणि मशीन चालू केलं. आकडा ४ वर असताना वहिनींनी बाण दाबला. आकडे उतरायचे थांबले.