पार्श्वभूमी : प्लेटोच्या संवादांचा कालक्रम कसा ठरला

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपले लेखन बहुतांशी संवादांच्या रूपात केले, पण एकाही संवादावर लेखनाचा काळ नोंदवलेला नाही. ‘सुरुवातीचे, मधले, उत्तरकालीन’ ही विभागणी आज बहुतेक अभ्यासक्रमांत असते, पण ती एकोणिसाव्या शतकातली आहे. त्याआधी शतकानुशतके हे लेखन चार-चारच्या नऊ गटांत लावले जाई. पहिल्या गटात ‘युथिफ्रो’, ‘अपॉलॉजी’, ‘क्रिटो’ आणि ‘फीडो’, म्हणजे प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस, खटल्यापासून मृत्यूपर्यंतचा. १५७८ च्या जिनिव्हा आवृत्तीने पानांचे आकडे दिले. गुहेचा दृष्टान्त ‘रिपब्लिक ५१४ए’ असा सांगतात, तो तिच्यावरूनच. तिच्या तिन्ही खंडांत पाने १ पासून सुरू होतात, त्यामुळे संवादाचे नाव गाळून नुसता आकडा दिला तर संदर्भ चुकतो.

१८६७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका प्राध्यापकाने ‘सोफिस्ट’ आणि ‘स्टेट्समन’ संपादित करताना शब्द मोजले. ‘लॉज’ हा ‘रिपब्लिक’नंतरचा, असे प्लेटोचा शिष्य अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलेले असल्याने तुलनेला एक टोक पक्के होते : शैलीत ‘लॉज’ला जवळचे ते उशिराचे. पुढे जर्मनीत अव्यये आणि होकाराची ठरावीक उत्तरे मोजली गेली. नंतर स्वरान्त शब्दापुढे स्वरादी शब्द किती वेळा येतो, हेही तपासले गेले. अशी स्वरांची टक्कर ‘सोफिस्ट’, ‘स्टेट्समन’, ‘फिलीबस’, ‘टिमेयस’, ‘क्रिटियस’ आणि ‘लॉज’ या सहांत कटाक्षाने टाळलेली आहे. हा गट भक्कम आहे. शैलीत त्याच्या जवळचे ‘रिपब्लिक’, ‘फीड्रस’, ‘थिइटिटस’ आणि ‘पार्मेनिडीस’.

खरा घोळ पुढे आहे. शैलीच्या मोजणीत ‘फीडो’ आणि ‘सिम्पोझियम’ हे ‘लॅकीस’, ‘युथिफ्रो’ यांच्याच गटात पडतात. तरी पाठ्यपुस्तके त्यांना मधल्या काळात नेतात, कारण त्यांत आदर्श रूपांचा सिद्धान्त आहे, म्हणजे दिसणाऱ्या वस्तूंपलीकडे त्यांची न बदलणारी मूळ रूपे असतात हे मत. मग तेच लेखक सांगतात की हा सिद्धान्त मधल्या काळातला! जे सिद्ध करायचे तेच इथे गृहीत धरले जाते. ‘सुरुवातीच्या संवादांत खरा सॉक्रेटिस बोलतो, नंतर प्लेटो’ हे लोकप्रिय मतही बरेचसे याच विभागणीवर उभे आहे. चर्चेला सोय म्हणून ती ठीक. विद्यार्थ्यांना मात्र ती सिद्ध झालेली गोष्ट म्हणून शिकवू नये.

मोजणीलाही मर्यादा आहेत. छोट्या संवादात नमुना अपुरा पडतो. ‘टिमेयस’ बहुतांशी एकाच वक्त्याचे सलग भाषण असल्याने होकाराच्या उत्तरांची कसोटी तिथे लागूच होत नाही. त्याला ‘रिपब्लिक’च्या जवळ ओढण्याचा प्रयत्न १९५३ मध्ये झाला, पण स्वरांच्या टकरीचा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. शिवाय प्लेटो म्हातारपणीही आपले संवाद घासूनपुसून सुधारत असे, अशी प्राचीन साक्ष आहे. ते खरे असेल, तर एकाच संवादात दोन काळांची शैली मिसळलेली असू शकते आणि सरासरी काढताना हा फरक बुजून जातो. ‘रिपब्लिक’चा पहिला भाग उरलेल्या नऊ भागांआधी स्वतंत्रपणे लिहिला होता का, हा वाद म्हणूनच मिटत नाही.