१.२ सेकंदांची फट

७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थकडे निघालेले क्वांटासचे एअरबस ए३३० विमान ३७,००० फुटांवरून उडत असताना त्याचे नाक एकाएकी खाली गेले आणि पट्टा न बांधलेले प्रवासी छतावर आपटले. शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. वैमानिकांनी विमान पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लिअरमंथला सुखरूप उतरवले, म्हणून जीवितहानी टळली. इंजिने, पंख, शेपूट सारे ठणठणीत होते. फसले होते ते बिघाड ओळखणारे गणित.

समोरची हवा पंखाला कोणत्या कोनात भिडते, हे संगणकाला सतत कळावे लागते, कारण तो कोन फार वाढला की पंखाची उचल ढासळते. या विमानात तो तीन स्वतंत्र यंत्रणा मोजतात. मात्र सगळे सुरळीत असतानाही तिन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. वाऱ्याच्या झोतामुळे किंवा विमान कलल्यामुळे थोडी तफावत राहतेच. हीच अनिश्चितता. तफावतीची मर्यादा आवळली, तर साधा झोतही बिघाड ठरतो. सैल सोडली, तर खरा बिघाड तिच्याआड दडतो.

रचनाकारांनी यावर वेळेचा उपाय योजला होता. एखादा आकडा फार वेगळा दिसला, की संगणक पुढचे १.२ सेकंद जुनेच मूल्य धरून ठेवी. तफावत सलग टिकली, तर ती यंत्रणा बाद करी. त्या दिवशी मात्र चुकीचे आकडे क्षणभरच उसळत होते आणि त्यांतले दोन नेमके १.२ सेकंदांच्या अंतराने आले. धरून ठेवण्याची मुदत संपली त्याच क्षणी दुसरा आकडा आत शिरला, आणि नाक धोकादायक वर गेले आहे असे समजून संगणकाने ते खाली दाबले. त्यातला एक आकडा ५०.६ अंशांचा होता. म्हणजे संगणकाकडे गेलेल्या उंचीच्या मापालाच चुकून कोनाची चिठ्ठी चिकटली होती!

मला वाटते, यंत्रणांची आपसांत तुलना करणे इथे पुरत नाही. एवढे अवजड विमान क्षणार्धात पन्नास अंशांवर जाऊच शकत नाही, हे त्याचे गणिती प्रतिरूप संगणकात सोबत चालवले तर लगेच उघड होते. अर्थात प्रतिरूपही अचूक नसते. इंधन जळते तसे वजन बदलते. म्हणून अभ्यासक बदलती मर्यादा वापरतात: सरळ उड्डाणात आवळलेली, वेगाने वळताना सैल. त्यातच नियंत्रण जितके चोख, तितका बिघाड झाकला जातो. गच्चीवरची टाकी गळत असली तरी बॉलकॉक पाणी घेत राहतो आणि टाकी भरलेलीच दिसते. गळती कळते ती मीटरच्या आकड्यावरून. तसेच विमानातही संगणकाने दिलेला आदेश आणि घडलेला परिणाम, दोन्ही ताडून पाहावे लागतात.

एअरबसने पुढे ते गणित बदलले. चुकीचे आकडे पाठवणाऱ्या त्या यंत्रणेच्या कसून चाचण्या झाल्या, तरी बिघाडाचे मूळ निश्चित सापडले नाही.