पेजिनेशन (डेटाबेस निकालांचे) : बिघाड व दुरुस्ती

डेटाबेसमधून आलेल्या नोंदी एकाच लांबलचक पानावर न ओतता ठरावीक संख्येच्या तुकड्यांत, खाली ‘मागील’, ‘पुढील’ किंवा पानांचे क्रमांक देऊन दाखवण्याच्या पद्धतीला पेजिनेशन म्हणतात. पीएचपी ही स्क्रिप्ट लिहिण्याची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस या जोडीवर चालणाऱ्या संकेतस्थळांत हा भाग बहुधा हातानेच लिहिलेला असतो. त्यातले बिघाड ठरावीक आहेत. फक्त बाहेरून दिसणारे लक्षण एकीकडे आणि मूळ दुसरीकडे असे होते.

मेख अशी, की वेबवरच्या स्क्रिप्टला (पान तयार करणाऱ्या प्रोग्रामला) आधीचे काही आठवत नाही. दुव्यावर क्लिक झाले की ती पहिल्या ओळीपासून नव्याने चालते. वाचक कितव्या पानावर होता, काय शोधत होता, यादी कोणत्या क्रमाने लावली होती, यांपैकी जे दुव्यात लिहिले नसेल ते हरवते. दर वेळी तिला दोन क्वेऱ्या (डेटाबेसला केलेल्या विचारणा) चालवाव्या लागतात : एकूण नोंदी किती हे मोजणारी आणि या पानापुरत्या नोंदी आणणारी. पानक्रमांक आणि या दोन क्वेऱ्या यांचा ताळमेळ सुटला की पेजिनेशन बिघडते.

गणित सोपे आहे. पानावर १० नोंदी असतील, तर तिसऱ्या पानासाठी पहिल्या २० वगळून पुढच्या १० आणायच्या : पानक्रमांकातून १ वजा करून १० ने गुणायचे. हा १ वजा करायचा राहिला, तर पहिल्या १० नोंदी कोणत्याच पानावर येत नाहीत. एकूण पाने काढताना भागाकार वरच्या पूर्णांकाला न्यावा लागतो. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. १० च्या हिशेबाने दोन पाने व्हायला हवीत. दशांश भाग कापून टाकणाऱ्या स्क्रिप्टला १५ भागिले १० म्हणजे १ वाटते आणि शेवटचे ५ तालुके गायब होतात. वर्णक्रमाने यादी लावली असेल तर त्यात बहुधा सुरगाणा आणि सिन्नर असतात, म्हणून चूक सापडायलाही वेळ लागतो.

किती नोंदी आणायच्या हे सांगणारे लिमिट मायएसक्यूएलमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. ‘लिमिट १० ऑफसेट २०’ (२० वगळून १० आणा) वाचताच कळते. स्वल्पविरामाच्या रूपात मात्र वगळायच्या नोंदी आधी आणि आणायच्या नोंदी नंतर येतात, आणि घोडे इथेच पेंड खाते. आकड्यांची अदलाबदल झाली, की पहिल्या पानासाठी ‘लिमिट १०, ०’ अशी क्वेरी तयार होते आणि पान कोरे येते. दुसऱ्या पानावर दोन्ही आकडे १० असल्याने सगळे बरोबर दिसते. तिसऱ्यावर एकदम २० नोंदी येतात. दुसरे पान बरोबर म्हणजे सूत्र बरोबर, असे समजून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस स्वल्पविरामाचे हे रूप स्वीकारतच नाही. तेव्हा ऑफसेट शब्द लिहिण्याची सवयच बरी.

कोणताही दुवा दाबला तरी पहिलेच पान येणे, ही सर्वांत जुनी तक्रार. पीएचपीत एके काळी दुव्यातले ‘पेज’ आपोआप त्याच नावाचे व्हेरिएबल (स्क्रिप्टमधली किंमत साठवणारी जागा) होत असे. रजिस्टर ग्लोबल्स नावाची ही सोय २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत मूलतः (वेगळे काही सांगितले नसेल तर) बंद ठेवली गेली आणि २०१२ मध्ये ५.४ मधून काढून टाकण्यात आली. तिच्या भरवशावर लिहिलेल्या स्क्रिप्टला नव्या सर्व्हरवर पानक्रमांक मिळेना. तो रिकामा म्हणजे पान पहिले. आता याच्याशी मिळतेजुळते लक्षण दिसते ते शोधाचा फॉर्म पोस्ट पद्धतीने (शोधशब्द दुव्यात न येता) पाठवलेला असताना. पहिले पान शोधानुसार येते. ‘पुढील’ हा साधा दुवा असल्याने दुसऱ्या पानावर शोधच उरत नाही आणि सगळ्या जिल्ह्याची यादी समोर येते. शोधाचा फॉर्म गेट पद्धतीचा (शोधशब्द दुव्यातच येणारा) ठेवावा आणि प्रत्येक दुव्यात शोधशब्द व क्रम सोबत न्यावेत.

मराठी मजकुराने यात स्वतःची भर घातली आहे. दुव्याचा पत्ता अवतरणचिन्हांत नसेल, तर ‘पिंपळगाव बसवंत’ मधल्या मोकळ्या जागेपाशी तो तुटतो. ‘बसवंत’ही जाते आणि त्यामागचा पानक्रमांकही. शोधशब्द कायम एन्कोड करूनच (दुव्यात चालणाऱ्या चिन्हांत बदलूनच) दुव्यात घालावा. पीएचपीतील एचटीटीपी बिल्ड क्वेरी हे फंक्शन ते काम करते. ‘नाशिक’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) १५ बाइटांचा आणि एन्कोड झाल्यावर ४५ अक्षरांचा होतो, म्हणून सर्व्हरच्या नोंदवहीत टक्क्याच्या चिन्हांची रांग दिसली तर तो बिघाड समजू नये. याहून फसवा प्रकार देवनागरी आकड्यांचा. वाचकाला ‘२’ दाखवणे छानच, पण तोच ‘२’ दुव्यातल्या पानक्रमांकात गेला, तर पीएचपी त्याचे पूर्णांकात रूपांतर करताना ० धरते. त्यातून १ वजा करून १० ने गुणले की उणे १० उरतात, आणि उणे ऑफसेट मायएसक्यूएल नाकारते. दिसणारा आकडा देवनागरी, दुव्यातला इंग्रजी, आणि १ पेक्षा लहान काहीही आले तर १ : एवढे पाळले की पुरे.

पान कोरे आणि त्रुटीचा संदेशही नाही, अशा वेळी पीएचपीची आवृत्ती पाहावी. पीएचपीतून डेटाबेसशी बोलणारी दोन साधने, पीडीओ (पीएचपी ८.० पूर्वी) आणि मायएसक्यूएलआय (पीएचपी ८.१ पूर्वी), क्वेरी फसली तरी मूलतः अपवाद (काम थांबवणारा त्रुटीचा इशारा) फेकत नसत. पीडीओत लिमिटचे आकडे अ‍ॅरेमधून दिले, तर ते मजकूर म्हणून अवतरणचिन्हांत जातात आणि मायएसक्यूएल १०६४ क्रमांकाची व्याकरणाची त्रुटी देते. आकडे पूर्णांक म्हणून बाइंड केले (क्वेरीतल्या राखीव जागी बसवले) की प्रश्न मिटतो. कोणत्या स्तंभाने यादी लावायची त्याचे नाव मात्र बाइंड करता येत नाही. ते दुव्यातून जसेच्या तसे क्वेरीत चिकटवणे म्हणजे परक्याच्या हाती किल्ली देणे. मान्य स्तंभांची यादी स्क्रिप्टमध्येच ठेवून तिच्याशी ताडून घ्यावे.

मोजणीची क्वेरी आणि नोंदींची क्वेरी यांत एकच अट वेगळी पडली, तरी शेवटची पाने रिकामी येतात किंवा कमी पडतात. जोडणीची क्वेरी विशेष फसवते. तालुक्यांच्या तक्त्याला बाजार समित्यांचा तक्ता जोडला, की लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत दोन्ही निफाड तालुक्यात असल्याने निफाड एकाहून अधिक वेळा येतो, आणि ज्या तालुक्याची समिती तक्त्यात नाही तो आतील जोडणीत (दोन्ही तक्त्यांत जुळणाऱ्याच नोंदी ठेवणाऱ्या) गळतो. मोजणी नुसत्या तालुक्यांच्या तक्त्यावर केली असेल, तर ती १५ च सांगत राहते. ग्रुप बाय (नोंदींचे गट पाडणारा भाग) असलेल्या क्वेरीत मोजणी घातली तर प्रत्येक गटाची वेगळी संख्या येते आणि स्क्रिप्ट त्यातली पहिलीच उचलते. एका फटक्यात मोजणीही करून देणारा मायएसक्यूएलचा एसक्यूएल कॅल्क फाउंड रोज हा पर्याय ८.०.१७ पासून कालबाह्य ठरवला आहे. दोन क्वेऱ्याच लिहाव्यात आणि दोघींची अट एकाच ठिकाणी तयार करावी.

तीच नोंद दोन पानांवर दिसते आणि दुसरी एखादी कुठेच नाही, हा प्रकार सूत्र तपासून सुटत नाही. बाजार समित्यांतल्या कांद्याच्या भावांची यादी सर्वसाधारण दराने लावली, तर क्विंटलला सारखाच दर असलेल्या नोंदी अनेक असतात. त्यांचा आपसातला क्रम सांगितलेला नसेल, तर डेटाबेस तो दर क्वेरीला वेगळा लावायला मोकळा असतो. क्रमाच्या शेवटी नोंदीचा अनन्य क्रमांक जोडला की हे थांबते. लिलाव चालू असताना नव्या नोंदी वर येत गेल्या, की पहिल्या पानाच्या तळाची नोंद दुसऱ्या पानावर सरकून पुन्हा दिसते, हे मात्र त्यानेही थांबत नाही.

त्यावर उपाय म्हणजे कीसेट पद्धत : ‘२० वगळ’ असे सांगण्याऐवजी ‘या तारखेच्या आणि या क्रमांकाच्या आधीच्या १० दे’ असे सांगायचे. ऑफसेट मोठा झाला की डेटाबेस वगळायच्या लाखभर नोंदीही वाचतो आणि टाकून देतो, म्हणून जुनी पाने संथ होत जातात. कीसेटला योग्य इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) मिळाला तर तो थेट हव्या जागी पोहोचतो. मात्र त्यात एकदम ३७ व्या पानावर उडी मारता येत नाही. बाजारभावांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवू नये. मागच्या महिन्याचा उन्हाळ कांद्याचा भाव हवा असलेला शेतकरी पाने मोजत बसत नाही, त्याला तारखेची चौकट हवी असते.

बिघाड शोधण्याची सुरुवात कुठून करावी, याबद्दल मतभेदाला जागा नाही : तयार झालेली अंतिम क्वेरी छापून पाहावी आणि तीच मायएसक्यूएल ब्राउझरमधून हाताळणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये चालवावी. तिथे एक खाचखळगा आहे. क्वेरीत लिमिटच नसेल, तर ते साधन मूलतः २५ च नोंदी दाखवून स्वतःची पाने पाडते, त्यामुळे राहून गेलेले लिमिट तिथे लक्षात येत नाही. दुरुस्तीनंतर ०, १, १० आणि ११ नोंदींवर स्क्रिप्ट चालवून पाहावी. १० नोंदींना दुसऱ्या पानाचा दुवा दिसता कामा नये, ११ ना दिसायला हवा, आणि दुव्यात हाताने ९९९ टाकले तर शेवटचे पान किंवा ‘सापडले नाही’ असे उत्तर यावे.