घरगुती डीव्हीडीसाठी दृक्‌श्राव्य फायलींचे रूपांतर व दोषनिवारण

लग्न, बारसे, वास्तुशांती, हरिनाम सप्ताहातील कीर्तन अशा प्रसंगांचे चित्रण कॅसेट, कॅमेरा किंवा मोबाइलमधून संगणकावर घेऊन ते साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशा स्वरूपात आणण्याच्या क्रियेला घरगुती डीव्हीडीसाठीचे रूपांतर म्हणतात. या क्रियेत चित्र अडखळणे, आवाज पुढे-मागे होणे, माणसे आडवी पसरलेली दिसणे, चित्र असूनही आवाज नसणे असे दोष उद्भवतात. ते कोठे निर्माण झाले हे ओळखून दूर करणे म्हणजे दोषनिवारण.

मराठवाड्यातील अनेक घरांत गेल्या पिढीतील लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी अजून पेटीत किंवा माळ्यावर जपून ठेवलेल्या आढळतात. नंतरच्या काळातील समारंभ स्टुडिओवाल्यांनी ‘मिक्सिंग’ (चित्रणाची काटछाट व जोडणी) करून डीव्हीडीवर दिले आणि आताचे मोबाइलमध्ये आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना रिमोटचे एक बटण दाबून टीव्हीवर लग्न पाहणे सोपे वाटते, म्हणून डिस्कची मागणी अजून पुरती संपलेली नाही. डिस्क नीट चालली नाही की दोष कोऱ्या डिस्कवर किंवा प्लेअरवर टाकला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा डिस्क राइट करण्याच्या बराच आधी, फाइल रूपांतरित होत असतानाच शिरलेला असतो.

डीव्हीडी-व्हिडिओची चौकट

डीव्हीडी-व्हिडिओ हे १९९६ साली जपानमध्ये बाजारात आलेले स्वरूप असून त्याचे नियम कडक आहेत. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत पूर्ण आकाराचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे (पिक्सेलचे) आणि सेकंदाला २५ फ्रेमचे (स्थिर चित्रांचे) असते व ते एमपेग-२ पद्धतीने संकुचित केलेले असावे लागते. चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, सेकंदाला ९.८ मेगाबिटपेक्षा आणि चित्र, आवाज व उपशीर्षके मिळून एकूण बिटरेट १०.०८ मेगाबिटपेक्षा अधिक चालत नाही. आवाज एसी-३, एमपेग ऑडिओ किंवा असंकुचित पीसीएम या प्रकारांत असावा लागतो आणि घरगुती कामात त्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो दर) ४८ किलोहर्ट्झ धरावा. मोबाइलच्या एमपी४ फाइलीत सहसा एच.२६४ किंवा त्याच्या पुढच्या पिढीतील एचईव्हीसी चित्र आणि एएसी आवाज असतो. यांपैकी एकही डीव्हीडी-व्हिडिओच्या चौकटीत बसत नाही. त्यामुळे एमपी४ फाइल नुसती डिस्कवर उतरवली तर ती डाटा डिस्क होते. ती संगणकावर चालते आणि साधा प्लेअर तिला नाकारतो. चित्र येऊन आवाज मात्र नसेल तर, चित्राचे रूपांतर होऊन आवाज एएसीतच राहिला आहे का, हे प्रथम तपासावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हँडब्रेक हे लोकप्रिय व मोफत सॉफ्टवेअर डीव्हीडी वाचून तिची फाइल करून देते, परंतु फाइलीची डीव्हीडी करून देत नाही. त्यासाठी डीव्हीडीस्टाइलरसारखे रचनेचे (फायली डीव्हीडीच्या मांडणीत बसवणारे) सॉफ्टवेअर किंवा टंकित आदेशांनी रूपांतर करणारे एफएफएमपेग लागते. एफएफएमपेगमध्ये पाल डीव्हीडीचे सर्व मुख्य नियम एकाच आदेशाने लागू करण्याची सोय आहे.

दोष शोधण्याची रीत

मूळ फाइल, रूपांतरित फाइल, व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरातील तयार रचना आणि राइट झालेली डिस्क हे चार टप्पे क्रमाने तपासावेत. ज्या टप्प्यावर दोष पहिल्यांदा दिसतो त्याच्या लगेच आधीच्या क्रियेत त्याचे कारण असते. मूळ फाइल व्हीएलसी या संगणकावरील प्लेअरमध्ये नीट चालते एवढ्यावर समाधान मानू नये, कारण हा प्लेअर सदोष फाइलीही सांभाळून घेतो. मीडियाइन्फोसारख्या साधनाने फ्रेमचा वेग, तो स्थिर आहे की बदलता, आवाजाचा प्रकार आणि सॅम्पल रेट यांची नोंद आधी करून ठेवावी. तीन तासांचे लग्न पुन्हा पुन्हा रूपांतरित करत बसण्यापेक्षा सुरुवात, मध्य आणि शेवट येथील दोन-दोन मिनिटांचे तुकडे काढून सेटिंग तपासणे शहाणपणाचे आहे, कारण मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४० अंशांच्या वर असताना तासन्‌तास पूर्ण जोराने चालणारा संगणक तापतो, आपला वेग आपणच कमी करतो आणि प्रसंगी बंदही पडतो.

आवाज आणि चित्र यांचा मेळ

आवाज चित्राच्या पुढे-मागे होणे हा सर्वांत त्रासदायक आणि ज्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत असा दोष आहे. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला विसंगती जाणवू लागते, असे आंतरराष्ट्रीय प्रसारण मानकांत धरले आहे. पाल पद्धतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असल्यामुळे आवाज जेमतेम एका फ्रेमने पुढे सरकला तरी तो खटकण्याच्या सीमेवर येतो. उपाय करण्यापूर्वी विसंगती कोणत्या जातीची आहे हे पाहावे.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच राहत असेल तर आवाजाला ठरावीक विलंब देऊन किंवा तेवढा भाग छाटून काम भागते. फरक सुरुवातीला नसून हळूहळू वाढत जात असेल तर चित्र आणि आवाज यांच्या दोन घड्याळांचे वेग जुळलेले नाहीत असे समजावे. सेकंदाला २९.९७ फ्रेमचे चित्रण ३० फ्रेमचे म्हणून वाचले गेले की तासाला सुमारे ३.६ सेकंदांची तफावत पडते. ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज योग्य रीतीने न बदलता ४८ किलोहर्ट्झचा म्हणून वाजवला गेला तर तो जवळजवळ ९ टक्के अधिक वेगाने आणि वरच्या पट्टीत ऐकू येतो, आणि मंगलाष्टकांचा सूर ओळखू येईनासा होतो. मोबाइलचे चित्रण ही याच प्रकारातील मोठी अडचण आहे. प्रकाश कमी झाला की कित्येक मोबाइल फ्रेमचा वेग आपोआप उतरवतात, म्हणून संध्याकाळच्या वरातीची फाइल बदलत्या वेगाची निघते आणि स्थिर वेग गृहीत धरणारे सॉफ्टवेअर तिच्यावर फसते. अशी फाइल आधी स्थिर वेगाची करून घ्यावी आणि मगच मिक्सिंगला घ्यावी.

तिसऱ्या जातीत मेळ काही काळ नीट राहतो आणि एखाद्या क्षणी एकदम तुटतो. कॅसेट संगणकावर घेताना गळालेल्या फ्रेम किंवा कॅमेऱ्याने स्वतःच पाडलेले फाइलीचे तुकडे चुकीच्या रीतीने जोडणे ही त्याची नेहमीची कारणे होत. अनेक कॅमेरे मेमरी कार्डावरील चित्रण ४ गिगाबाइटच्या किंवा त्याहून लहान तुकड्यांत साठवतात. हे तुकडे वेगवेगळे रूपांतरित करून नंतर जोडले तर प्रत्येक सांध्यावर आवाजाचा थोडा खंड पडतो. म्हणून आधी सांधावे आणि मग रूपांतर करावे.

कीर्तनाच्या चित्रणात आवाज बहुधा मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला जातो आणि तो योग्यच निर्णय असतो, कारण मंडपातील कर्ण्याचा फाटलेला आवाज कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरला की कोणत्याही रूपांतराने तो सुधारत नाही. मात्र रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळे स्वतंत्र असतात. त्यांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी दोन तासांच्या कीर्तनाच्या शेवटी ०.३६ सेकंदांचे अंतर पडते, आणि पखवाजावरची थाप डोळ्यांना आधी व कानांना नंतर कळते. यावर टाळकऱ्यांचा मोठा उपयोग होतो. आरंभीच्या भजनातील टाळाचा एक स्पष्ट ठोका आणि शेवटच्या गजरातील एक ठोका चित्रात व आवाजात शोधून दोन्ही ठिकाणचे अंतर मोजले की आवाज नेमका किती ताणायचा किंवा आवळायचा याचा हिशेब हाती येतो.

बिटरेट आणि जागा

एकथरी (माहितीचा एकच थर असलेल्या) डिस्कवर लिहिलेली ४.७ गिगाबाइट ही क्षमता दशमान पद्धतीची असून संगणक तीच सुमारे ४.३७ गिगाबाइट दाखवतो. डिस्क ‘कमी भरते’ ही तक्रार यातून येते. या जागेत दोन तास बसवायचे झाल्यास सर्व मिळून सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट मिळतात, तीन तासांसाठी जेमतेम ३.५. लग्नाच्या चित्रणाचा खरा कस अक्षतांच्या वेळी लागतो. एमपेग-२ ही पद्धत आधीच्या फ्रेममधील भाग उचलून पुढची फ्रेम बनवते आणि बिट वाचवते. ‘शुभमंगल सावधान’ होऊन अंतरपाट दूर होताच शेकडो दाणे प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतात, उचलण्याजोगे काही उरत नाही आणि अपुऱ्या बिटरेटमध्ये वधू-वरांच्या चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. ज्या क्षणासाठी सगळे चित्रण केले तोच क्षण असा खराब व्हावा हे फार वाईट. दोन फेऱ्यांचे बदलत्या बिटरेटचे संकेतन (संकुचित फाइल बनवणे) केल्यास पहिल्या फेरीत कठीण जागा शोधल्या जातात आणि दुसरीत त्यांना अधिक बिट दिले जातात. त्याच वेळी कमाल बिटरेट ८ मेगाबिटच्या आसपास रोखावा, कारण घरी राइट केलेल्या डिस्कवर त्याहून उंच उसळी आली की जुने प्लेअर अडखळतात. तीन तासांचे चित्रण दोन डिस्कवर विभागणे हाच चांगला मार्ग आहे. व्हीएचएसच्या बाबतीत मात्र सवलत आहे: त्या फितीत मुळातच तपशील कमी असल्याने नियमांत बसणारे ३५२ × ५७६ हे निम्म्या रुंदीचे चित्र घेतले तरी फारसे काही गमावत नाही आणि बिटरेट निम्म्याजवळ पुरतो.

चित्राचा आकार आणि हालचाल

डीव्हीडीतील बिंदू चौरस नसतात. तेच ७२० × ५७६ चित्र ४:३ किंवा १६:९ प्रमाणात दाखवायचे हे फाइलीतील एका खुणेवरून ठरते आणि ती चुकली की जुन्या कॅसेटीतील माणसे आडवी पसरलेली दिसतात. उभ्या मोबाइल चित्रणाला रुंद पडद्यावर एक तृतीयांशाहूनही कमी जागा मिळते. ते ताणून पडदा भरण्यापेक्षा दोन्ही बाजूंना काळी जागा ठेवणे बरे.

वरातीतील घोडा किंवा नाचणारी मुले पुढे-मागे थरथरत असतील तर ओळींचा क्रम उलटला आहे असे ओळखावे. जुन्या पद्धतीच्या चित्रणात प्रत्येक फ्रेम सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्यांत विभागलेली असते. डीव्ही (डिजिटल कॅमेऱ्याच्या) कॅसेटीत खालच्या ओळींचा अर्धा आधी येतो, तर एचडी कॅमेऱ्यांत वरच्या ओळींचा. रूपांतर करताना हा क्रम चुकीचा सांगितला गेला की काळ उलटसुलट होतो. संगणकावर बहुधा दोन्ही अर्धे एकत्रच दिसत असल्याने हा दोष टीव्हीवर पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

देवनागरी मजकूर

वधू-वरांची नावे, गाव आणि तिथी दाखवणाऱ्या पाट्यांवर जोडाक्षरे तुटणे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडणे हे दोष रूपांतरातील नसून लिपीची योग्य मांडणी न करणाऱ्या सॉफ्टवेअरचे असतात. डीव्हीडीवरील उपशीर्षके अक्षरे म्हणून न साठवता चित्रे म्हणून साठवली जातात, त्यामुळे मजकूर एकदा बरोबर उमटवला की तो प्रत्येक प्लेअरवर बरोबर दिसतो. पाट्या कडेपासून आत ठेवाव्यात. जुने काचेच्या नळीचे टीव्ही चित्राची कड झाकतात आणि आडनावाचे शेवटचे अक्षर कापले जाते. फायलींची व फोल्डरांची नावे मात्र रोमन अक्षरांत ठेवलेली चांगली, कारण काही जुनी रचना-सॉफ्टवेअरे देवनागरी नावाची फाइल उघडतच नाहीत.

राइट करणे आणि मूळ प्रत

राइट करण्याचा वेग ४ किंवा ८ पट ठेवावा, शेवटी पडताळणी करावी आणि डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. राइट होत असताना वीज गेली तर एकदाच लिहिता येणारी डिस्क वाया जाते, म्हणून भारनियमनाच्या वेळा पाहून काम लावावे किंवा यूपीएस वापरावा. राइट केलेल्या डिस्कचा थर सेंद्रिय रंगाचा असल्याने ऊन आणि उष्णता त्याला मारक ठरतात. पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा खालच्या खोलीतील कपाट तिला मानवते.

कॅसेट संगणकावर घेताना व्हीसीआरचे (कॅसेट चालवणाऱ्या यंत्राचे) हेड आधी स्वच्छ करावे, बुरशीची पांढरी झाक दिसणारी फीत तशीच चालवू नये आणि मिळालेली मोठी फाइल डीव्हीडी तयार झाल्यावर पुसून टाकू नये. डीव्हीडीसाठी केलेले संकोचन परत फिरवता येत नाही, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले असल्यामुळे तीच कॅसेट पुन्हा चालवायला यंत्र मिळेलच असे नाही.